आवडता डिस्ट्रो एक, सुचवलेला दुसरा

प्रश्न थोडक्यात असा: २०१६ साली घेतलेला लॅपटॉप, सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, म्हणजे तो रस्ता बंद. घरात मराठी टायपिंग चालतं, मुलगी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. लिनक्स टाकायचं ठरलंय, पण डिस्ट्रोंच्या, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार संचांच्या, नावांची यादी बघूनच डोकं गरगरतंय. म्हणून तुम्ही विचारलंत, ‘तुमचा आवडता डिस्ट्रो कोणता ते सांगा, तोच टाकतो.’

यातलं ‘तोच टाकतो’ एवढं मागे घ्या. माझा आवडता डेबियन आहे. डेबियन स्टेबल (स्थिर आवृत्ती), एक्सएफसीई डेस्कटॉपसह; डेस्कटॉप म्हणजे मेनू-खिडक्यांची मांडणी. पण तुमच्या घरी येऊन लॅपटॉप हातात घेतला तर मी लिनक्स मिंट टाकेन. मला डेबियन का आवडतो आणि तरी तुम्हाला मिंट का सांगतो, हे सांगितलं की निवड कशी करायची ते आपोआप कळेल.

मी बरीच वर्षं एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅब सांभाळल्या. सुरुवात उबुंटूच्या सीडीवर झाली. तेव्हा ती फुकट पोस्टाने घरी यायची, अर्ज भरला की काही आठवड्यांनी पाकीट हजर. २०११ मध्ये ती सोय बंद झाली. पहिल्या वर्षभरात मी दर महिन्याला मशीनला फॉरमॅट मारत होतो. आज हा डिस्ट्रो, उद्या तो. नवा वॉलपेपर, नवे आयकॉन, खाली बार, वर बार. हा रोग सगळ्यांना होतो, होऊ द्यावा. मात्र त्यातून एक गोष्ट उशिरा कळली: मी जे बदलत होतो ते बहुतेक रंगकाम होतं. आत तोच कर्नल (सिस्टिमचा गाभा), तोच फायरफॉक्स, तेच लिब्रेऑफिस. गहू एकच, गिरण्या वेगळ्या. गिरणीवाला कधी दळतो, किती बारीक दळतो, सणाच्या दिवशी दुकान उघडं असतं का, फरक एवढाच. आणि डेस्कटॉप आवडला नाही तर तो नंतरही बदलता येतो. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई हे जवळपास सगळीकडे मिळतात. गिरणी बदलायची तर मात्र सगळं पुन्हा.

म्हणून मी पहिल्यांदा बघतो ती अपडेटची लय. डेबियनची नवी स्टेबल आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. १२ क्रमांकाची १० जून २०२३ ला आली, १३ क्रमांकाची ९ ऑगस्ट २०२५ ला. एकदा बाहेर पडली की तिच्यातल्या प्रोग्रॅमच्या आवृत्त्या जवळपास गोठतात. पुढे येतात ते सुरक्षेचे आणि गंभीर चुकांचे दुरुस्ती-अपडेट. पूर्ण सपोर्ट तीन वर्षं, त्यावर दोन वर्षं दीर्घ मुदतीचा. म्हणजे आज ज्या ठिकाणी बटण आहे त्याच ठिकाणी ते दीड वर्षानेही असतं. लॅब चालवणाऱ्याला याहून मोठं सुख नाही.

उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं चालते. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने मिळतात. नवखे लोक नेमकी तीच ‘लेटेस्ट’ म्हणून उतरवतात आणि वर्षभरात अडकतात. फेडोरा सहा महिन्यांनी नवा, प्रत्येक आवृत्तीला सुमारे तेरा महिने. आर्च आणि ओपनसुसे टम्बलवीड यांना आवृत्तीच नाही, पाणी वाहतंच राहतं. त्याला रोलिंग म्हणतात.

रोलिंगला मी नावं ठेवत नाही, पण एक रात्र आठवते. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी शिक्षकांच्या मशीनवर, ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणून, रोलिंग डिस्ट्रोचं अपडेट मारलं. नवा कर्नल आला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही, पडदा काळा. चूक डिस्ट्रोची नव्हती. अपडेटआधी त्यांच्या पानावरची सूचना वाचायची असते, ती मी वाचली नव्हती. रात्री दोन वाजता मशीन परत उभं राहिलं. सकाळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘डोळे लाल का’ म्हणून विचारलं, तेव्हा मी धुळीची ॲलर्जी सांगितली.

संथ लयीचा दुसरा फायदा मार्च २०२४ मध्ये सगळ्या जगाने पाहिला. एक्सझेड नावाचं एक छोटं कॉम्प्रेशनचं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मोठ्या चलाखीने चोरदरवाजा घुसवला होता. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएचने (दूरच्या मशीनवर जायच्या साधनाने) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, त्यांनी माग काढला आणि २९ मार्चला ते जाहीर केलं. त्या आवृत्त्या तोवर डेबियनच्या चाचणीच्या शाखांत, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत, टम्बलवीडमध्ये पोचल्या होत्या. डेबियन स्टेबलमध्ये पोचल्या नव्हत्या. नवं सामान उशिरा येतं म्हणून लोक डेबियनला हसतात. त्या आठवड्यात कुणी हसत नव्हतं.

लयीनंतर मी बघतो, गिरणी कुणाची आहे. कंपनीची असेल तर कंपनीच्या हिशेबावर ती चालते. सेंटओएस ८ या सर्व्हरवरच्या डिस्ट्रोला २०२९ पर्यंत सपोर्ट मिळणार म्हणून लोकांनी सर्व्हर उभे केले आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की तो २०२१ च्या अखेरीस संपेल. चार-दोन हौशी पोरांची असेल तर त्यांच्या नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली की ती बंद पडते. आर्चवर बेतलेला अँटेर्गोस फार देखणा होता. २०१९ मध्ये त्याच्या मंडळींनी ‘आता वेळ होत नाही’ असं प्रामाणिकपणे सांगून कुलूप लावलं. डेबियन १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केला, तो आजही कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही. १९९७ पासून त्यांचा लिखित सामाजिक करार आहे, प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडतात, जगभरचे स्वयंसेवक पॅकेज सांभाळतात. त्यांची वार्षिक परिषद २०२३ मध्ये कोचीला भरली होती. भांडणंही खूप होतात, महिनोन् महिने ईमेलवर चालतात. पण दुकान बंद होत नाही. सहकारी संस्थेत वाढलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं, फक्त इथे सभेला कोरम भरतो.

मग डेबियनच का नाही सांगत? कारण तो तुमच्याकडून थोडी माहिती गृहीत धरतो. एक उदाहरण देतो. इन्स्टॉल करताना तो ‘रूट’चा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड विचारतो. सरळमार्गी माणूस पासवर्ड देतो. मग त्याच्या रोजच्या खात्याला सुडोचे (गरजेपुरते सर्वाधिकार वापरायचे) अधिकार मिळत नाहीत आणि पहिल्याच दिवशी इंटरनेटवरची प्रत्येक सूचना ‘तुम्हाला परवानगी नाही’ म्हणून आपटते. तो रकाना कोरा सोडला की सगळं ठीक होतं. पडद्यावर तसं लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात कोण वाचतं! वाय-फायचं फर्मवेअर (चिपला लागणारा छोटा प्रोग्रॅम) मुळात नसणं ही जुनी तक्रार मात्र १२ पासून मिटली, आता ते इन्स्टॉलरमध्येच येतं. (इन्स्टॉलर मराठीतही चालतो. एकदा गंमत म्हणून चालवून बघा.)

मिंटमध्ये असल्या अडचणी आधीच उचलून ठेवल्यात. २००६ मध्ये क्लेमाँ लफेव्र यांनी सुरू केलेला हा डिस्ट्रो उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभा आहे. २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर आहे, तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, विंडोजवरून आलेल्या माणसाचा हात कुठे अडत नाही. ड्रायव्हर मॅनेजर स्वतः सांगतो की या मशीनला अमुक ड्रायव्हर हवा. टाइमशिफ्ट सिस्टिमची प्रत काढून ठेवतो, अपडेटने काही बिघडलं तर कालच्या दिवसावर परत जाता येतं. पहिल्या दिवशी तो चालू करा, दुसऱ्या दिवशी नको. फक्त एवढं लक्षात ठेवा की तो सिस्टिमची प्रत काढतो. तुमचे फोटो आणि कागदपत्रं तो आपणहून सांभाळत नाही, त्यांचा बॅकअप वेगळा.

मिंटचे तीन अवतार मिळतात: सिनॅमन, माते, एक्सएफसीई. ४ जीबी रॅमला एक्सएफसीई घ्या. सिनॅमन दिसायला जास्त छान आहे, रॅम ८ केलीत तर तोही चालेल.

खरं सांगायचं तर डेस्कटॉप किती रॅम खातो यावर लोक विनाकारण रक्त आटवतात. खरा खादाड ब्राउझर असतो. दहा टॅब उघडले की कुठलाही ‘हलका’ डिस्ट्रो बसकण मारतो. आणि तुमच्या लॅपटॉपचं दुखणं रॅमपेक्षाही त्या फिरत्या डिस्कचं आहे. तिच्या जागी २५६ जीबीची साधी साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा, चार स्क्रूचं काम. मी लॅबमधल्या जुन्या मशीनना हेच केलं आणि मुलांना वाटलं नवीन कॉम्प्युटर आले. डिस्ट्रो बदलून असा फरक मी कधी पाहिला नाही. जुनी डिस्क फेकू नका, केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. उबुंटू चांगलाच आहे आणि अडचण आली तर उत्तरं सर्वांत जास्त त्याचीच सापडतात. मिंट त्याच्यावरच उभा असल्याने ती तुम्हालाही चालतात. मला त्यांचा स्नॅपचा, म्हणजे प्रोग्रॅम बसवायच्या त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचा, आग्रह रुचत नाही. २२.०४ पासून फायरफॉक्ससुद्धा स्नॅप म्हणूनच येतो, जुन्या डिस्कवर पहिल्यांदा उघडायला तो रेंगाळतो. मिंटने २०२० मध्येच स्नॅपला दार बंद केलं. उद्या मुलीला नवाकोरा लॅपटॉप घेतलात तर मी फेडोरा बघायला सांगेन. नव्या चिपसेटला नवा कर्नल लागतो आणि तो फेडोरात लवकर येतो. ध्वनीसाठी पाइपवायर, पडद्यासाठी वेलँड, या गोष्टी तिथे आधी मुरल्या आणि मग इतरांकडे गेल्या. मात्र काही व्हिडिओ चालण्यासाठी आरपीएम फ्यूजन हे बाहेरचं भांडार जोडावं लागतं, हे कुणीतरी आधी सांगावं लागतं. आर्च शिकण्यासाठी उत्तम, पण मुलीने सेमिस्टर संपल्यावर, सुटीत, दुसऱ्या मशीनवर टाकावा. त्याचा विकी मात्र डिस्ट्रो कुठलाही असो, वाचावा. मीही तोच वाचतो.

आता मराठी. इथे डिस्ट्रोपेक्षा मांडणी महत्त्वाची. आयबस नावाची टायपिंगची व्यवस्था घ्या आणि तिच्यासोबत एम१७एनची पॅकेजं बसवा. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट आहे, उच्चारानुसारी मांडणी आहे, गमभन आहे आणि टाइपरायटरवर शिकलेल्यांसाठी रेमिंग्टनही आहे. आमच्या ऑफिसातल्या एक ज्येष्ठ बाई सरकारी टायपिंगची परीक्षा उत्तीर्ण, रेमिंग्टनवर बोटं वाऱ्यासारखी चालायची. त्यांना इनस्क्रिप्ट शिकवण्याचा आगाऊपणा मी दोन महिने केला. शेवटी रेमिंग्टनची मांडणी सापडली आणि त्या म्हणाल्या, ‘हे आधी का नाही केलंस?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नव्याने शिकणार असाल तर इनस्क्रिप्ट शिका, पंधरा दिवस त्रास होतो, मग आयुष्यभर नाही. त्यात एक खुबी आहे जी पुष्कळांना माहीत नसते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत मान कुणाला आणि वरणभात कुणाकडे हे एका रफारावर ठरतं. दुसरा शब्द लिहायला शिफ्ट धरून जे दाबा, म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो. मग डी म्हणजे हलन्त, मग य. झालं.

दुसरी कटकट अक्षरांच्या वळणाची. लिनक्सवर मराठी मजकूर उघडला की कधी कधी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श गायब. फॉन्ट बिघडलेला नसतो. काही फॉन्टांत दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रॅमला कळलं तरच मराठी आकार उमटतो. लिब्रेऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जटिल लिपीचा पर्याय चालू करून तिथे हिंदीऐवजी मराठी निवडा. लोहित देवनागरी हा फॉन्ट बहुतेक ठिकाणी तयार मिळतो. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी तो वर्षानुवर्षं सांभाळला. छापील कामाला मला मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता बरा वाटतो.

घरात युनिकोडपूर्व काळातल्या फायली असतील, जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधल्या, तर त्या लिनक्सवर अगम्य चिन्हं दाखवतील. त्या आधी विंडोजवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या. इथे घाई केली की आजोबांचं अर्धवट राहिलेलं आत्मचरित्र हातचं जातं. (माझ्या नात्यातच झालंय. बॅकअपमुळे वाचलं.)

काय चालणार नाही हेही ऐका. मायक्रोसॉफ्ट ऑफिस, टॅली, ऑटोकॅड थेट लिनक्सवर नाहीत. पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या विषयात कॉलेज ऑटोकॅड मागत असेल तर तेवढ्यासाठी कॉलेजची लॅब वापरा किंवा जुनं विंडोज बाजूला ठेवा, नेट न जोडता. सी, पायथन, जावा यांना मात्र लिनक्सच सोयीचं. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन कुणी वापरत असेल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का हे आधी पाहा. प्रिंटरचंही तसंच. झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारे काही छोटे लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात. एका प्रिंटरपायी मी एक अख्खा रविवार घालवला आणि शेवटी तो शेजाऱ्याला दिला.

हे सगळं इन्स्टॉल न करताच तपासता येतं. मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलची पूर्ण प्रत) उतरवा आणि तिची चेकसम, म्हणजे फाइल मूळचीच आहे का ते पडताळायचा आकडा, जुळते का ते बघाच. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच साइटवर घुसखोरी होऊन काही तास भेसळ केलेल्या फायलींकडे लोकांना वळवलं गेलं होतं.  रुफस किंवा व्हेंटॉय या साधनाने त्या फाइलीचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून लाइव्ह चालवा. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, प्रिंटर छापतो का. झोपेतून उठण्याची परीक्षा लोक विसरतात आणि नंतर रडतात.

विंडोज शेजारी ठेवणार असाल तर आत जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज डिस्क अर्धवट झोपवून ठेवतं आणि लिनक्सला त्यात लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. कागदावर, त्याच लॅपटॉपमधल्या फाइलीत नव्हे. आणि दोन्ही टाकल्यावर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. मदरबोर्डवरची वेळ लिनक्स जागतिक प्रमाणवेळ समजतं, विंडोज स्थानिक समजतं, आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे. लिनक्सला एका कमांडने ‘स्थानिक वेळ धर’ असं सांगता येतं.

वर्षभर मिंट वापरून टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या खिडकीची) भीती गेली की मिंटचीच डेबियनवर बेतलेली आवृत्ती मिळते, एलएमडीई. तीच दिसायला, आत डेबियन. मुलीला कदाचित ती आवडेल. माझ्या घरच्या डेस्कटॉपवर डेबियन १३ आहे. २०१९ मध्ये डेबियन १० टाकला होता, तेव्हापासून एकेक पायरी चढवत आणलाय, मधली आवृत्ती गाळायची नसते.

आता तुम्ही एवढं करा: पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वाय-फायची चिप कोणत्या कंपनीची आहे आणि प्रिंटरचं नेमकं मॉडेल काय, एवढं कळवा. रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का तेही खालचं झाकण उघडून बघा. एसएसडी त्यानंतर घ्या.